पुढची ओळ पाठ असते म्हणून

प्रश्न

एका ४७ वर्षांच्या वाचकांचं पत्र आहे. त्यांचा धाकटा भाऊ नोकरीसाठी परदेशात आहे आणि तो राहतो त्या शहरावर गेले काही महिने हल्ले होत आहेत. करार, रद्द झालेली विमानं, कंपनीचं 'अजून थोडं थांबा' अशा गुंत्यात तो तिथेच अडकला आहे. रोज रात्री त्याचा दोन शब्दांचा निरोप येतो: 'ठीक आहे.' तो येईपर्यंत या वाचकांच्या पोटात गोळा असतो. निरोप आला की ते इयरफोन लावतात आणि दहावीच्या वर्षी दोघा भावांनी रेडिओवरून टेप केलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटमधली गाणी, त्याच क्रमाने, फोनवर ऐकतात. अकरा पूर्ण गाणी आणि बारावं अर्धं, कारण तिथे फीत संपली होती. पुष्कळदा एकदा ऐकून भागत नाही, मग रात्रीचा एक वाजतो.

पत्नीला हे पटत नाही. 'तिकडे बॉम्ब पडताहेत आणि तू गाणी ऐकतोस,' असं त्या एकदा म्हणाल्या. त्यानंतर घरात या विषयावर बोलणंच झालेलं नाही. सोळा वर्षांची मुलगी सगळं बघते, बोलत काही नाही. वाचकांना आता स्वतःचीच लाज वाटू लागली आहे. बातम्या लावल्या की छातीत धडधडतं, गाणी लावली की जीव थाऱ्यावर येतो. अलीकडे दोन-तीनदा ऐकताना रडू आलं. शिवाय ही गाणी रोज अशा काळजीत ऐकून कायमची नासतील की काय, अशीही धास्ती आहे. 'तेव्हा कसलीच भीती नव्हती. मला त्या दिवसांत परत जावंसं वाटतं. हा पळपुटेपणा आहे का? गाणी बंद करू का?'

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि बरं झालं, कारण पहिल्या वाचनात एक वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. त्याच्याकडे येतेच. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे ते शोधत खालपर्यंत जायला नको. गाणी बंद करू नका. ऐकण्याच्या रीतीत दोन-तीन बदल करा, पण बंद करू नका.

आता पळण्याबद्दल. पळणारा माणूस निरोपाची वाट बघत बसत नाही. तुम्ही रोज रात्री थांबता, घड्याळाकडे बघता, भावाचा निरोप वाचता आणि मगच इयरफोन उचलता. हा क्रम तुम्हीच लिहिला आहे. तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं करून झाल्यावर तुम्ही गाण्याकडे वळता. त्यानंतरचा तासभर तुम्ही बातम्यांचा पडदा बघत काढलात, तर त्या शहराकडे निघालेलं एक तरी क्षेपणास्त्र माघारी फिरेल का? प्रश्न खवचट वाटेल, पण तो स्वतःला एकदा विचारायलाच हवा. कारण आपल्याकडे नकळत एक हिशोब चालू असतो: जेवढी झोप उडाली तेवढी माया खरी. ज्याच्या काळजीने आपल्याला घास गिळवत नाही, त्याच्यासाठी आपण काहीतरी करतो आहोत, असं वाटत राहतं. प्रत्यक्षात आपण त्याच्यासाठी काहीच करत नसतो, फक्त दमत असतो. आणि उद्या त्याला खरोखर गरज पडली, पहाटे तीनला फोन आला, कागदपत्रं हलवायची वेळ आली, तर झोपलेला, डोकं ठिकाणावर असलेला भाऊ त्याच्या जास्त कामाचा.

तुमच्या पत्नीचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. तो फार जुना आहे, आणि भल्या भल्या लोकांनी घेतलेला आहे. 'नॉस्टॅल्जिया', म्हणजे गतकाळाची ओढ, हा शब्दच मुळी रोगाचं नाव म्हणून जन्मला. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडवला. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. परमुलखात लढायला गेलेले स्विस भाडोत्री सैनिक घराच्या आठवणीने खंगत, त्या अवस्थेला हे नाव चिकटलं. आल्प्समधल्या गुराख्यांची एक धून कानावर पडली की हे सैनिक रडू लागत, पळून जात, म्हणून त्यांच्यासमोर ती वाजवायला बंदी होती, असं तत्त्वज्ञ रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलं आहे. ती बंदी कितपत खरी आणि दंतकथा कितपत, हे सोडून देऊ. पण जुनी धून माणसाला ढिला करते, लढाईच्या वेळी ती नको, ही समजूत तेव्हापासूनची.

दुसऱ्या महायुद्धात हाच वाद पुन्हा झाला. १९४१ च्या अखेरीस व्हेरा लिन या गायिकेचा बीबीसीवर कार्यक्रम सुरू झाला. घरापासून दूर असलेल्या सैनिकांसाठी हळवी गाणी आणि घरचे निरोप. सैनिक खूश, पण काही खासदार आणि निवृत्त सेनाधिकारी नाखूश. अशा गाण्यांनी जवान मऊ पडतील, त्यांना जोशपूर्ण संगीत ऐकवा, अशी ओरड झाली आणि १९४२ मध्ये बीबीसीने फार गळेकाढू गाण्यांना चाप लावायचं धोरणसुद्धा आखलं. त्याच सुमारास बेलग्रेडच्या रेडिओवरून, जो तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, रोज रात्री दहाच्या थोडं आधी 'लिली मार्लीन' लागायचं. छावणीच्या फाटकाशी, दिव्याखाली उभ्या असलेल्या मुलीच्या आठवणीचं गाणं. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला ते मुळीच आवडत नव्हतं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सैनिक ते ऐकत आणि समोरचे ब्रिटिशही ऐकत. गाणं संपलं की दुसऱ्या दिवशी दोघेही पुन्हा लढत. एवढ्या हळव्या गाण्याने कोणी लढायचं थांबलं नाही. पळपुटेपणाच्या आरोपाला माझ्या मते एवढं उत्तर पुरे.

आता ते निसटलेलं वाक्य.

तुम्ही लिहिता, 'तेव्हा कसलीच भीती नव्हती.' आणि दुसऱ्या पानावर, कॅसेट कशी तयार झाली ते सांगताना, कंसात लिहिता: 'बाबांचा कारखाना त्याच वर्षी बंद पडला होता, रात्री आईबाबांची खालच्या आवाजात बोलणी चालायची, ती ऐकू येऊ नयेत म्हणून आम्ही टेप पांघरुणात घेऊन लावायचो.'

कंसात लिहिलंत! मला त्या कंसाची मोठी गंमत वाटली. म्हणजे दहावीचं वर्ष, बाप घरी बसलेला, फी भरायची कशी हे भिंतीपलीकडून ऐकू येतंय, आणि दोन पोरं पांघरुणात टेपरेकॉर्डर ओढून त्याच्या जाळीला कान लावून पडली आहेत. भीती नव्हती कुठे? चांगली घरभर होती. ती गाणी बिनधास्त दिवसांची आहेत असं तुम्हाला आज वाटतं. पण ती तेव्हाही भीतीवरचीच होती. तुम्ही आज जे करताय ते तेव्हाही करत होता, हुबेहूब, फक्त पांघरुणाच्या जागी इयरफोन आलेत आणि शेजारी भाऊ नाही.

हे तुमचं चुकलं म्हणून दाखवत नाही. आठवण अशीच काम करते. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाजवळ प्रमाणाबाहेर जास्त आणि जास्त ठसठशीत राहतात, आणि त्या वयात ऐकलेली गाणी तर पुढे कितीही चांगली गाणी आली तरी जागा सोडत नाहीत. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालेलं आहे. शिवाय त्या काळची काळजी पुढे कशी मिटली हे आपल्याला आता ठाऊक असतं. बाबांना काम मिळालं, तुम्ही पास झालात, भाऊ शिकला. शेवट कळलेली भीती आठवणीत भीती म्हणून उरतच नाही, ती गोष्ट होते. म्हणून ते दिवस सुरक्षित वाटतात. त्या रात्री पांघरुणात पडलेल्या मुलाला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. जसं आज तुम्हाला माहीत नाही.

तुम्हाला त्या दिवसांत परत जावंसं वाटतं असं तुम्ही म्हणता, पण माझा तर्क वेगळा आहे. दिवसांपेक्षा तुम्हाला गाण्यातली एक गोष्ट हवी आहे, जी सध्या बाकी कशातच मिळत नाही: पुढे काय येणार ते पक्कं माहीत असणं. ध्रुवपद संपलं की बासरी येणार. बासरीनंतर अर्धा ठोका थांबून अंतरा. तिसऱ्या गाण्यात त्या एका शब्दावर आवाज किंचित चिरणार. सगळं पाठ. युद्धाच्या बातम्यांत, दवाखान्याच्या रिपोर्टांत, नोकरी जाणार की राहणार या कुजबुजीत सगळ्यात जास्त छळतं ते पुढचं न कळणं. घडून गेलेल्या वाईटापेक्षाही ते जास्त खातं. आणि पाठ असलेलं गाणं साडेचार-पाच मिनिटं का होईना, पुढचं कळण्याचं सुख देतं. २०११ साली माँट्रियलमधल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूचं चित्रण केलं. तेव्हा असं दिसलं की मेंदूतलं डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं एक रसायन, ती आवडती जागा आल्यावर तर स्रवतंच, पण ती यायच्या आधी, 'आता येणार' या अपेक्षेतही, मेंदूच्या वेगळ्या भागात स्रवतं. म्हणजे वाट बघण्याचंही सुख असतं, येणार हे नक्की असेल तर. तुम्ही दिवसभर ज्या तऱ्हेने वाट बघता, त्याच्या बरोबर उलट.

यात तुम्ही एकटे नाही. २०२० च्या टाळेबंदीत युरोपातल्या सहा देशांतले स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपचे आकडे एका अभ्यासकाने तपासले, तर लोक जुन्या गाण्यांकडे जास्त वळलेले दिसले. साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशुट आणि त्यांचे सहकारी गेली वीसेक वर्षं या गतकाळाच्या ओढीवरच काम करत आहेत. त्यांना आढळलं ते असं की ही ओढ बहुतेक वेळा मन खिन्न असताना, एकटं वाटत असताना उफाळते, आणि ती येऊन गेल्यावर माणसाला आपण कोणाचे तरी आहोत ही भावना जास्त जाणवते. होफरने ज्याला आजार म्हटलं, ते कदाचित अंगाने स्वतःच शोधलेलं औषध असावं. औषध म्हटलं की मात्रा आली, म्हणून आता थोडं मात्रेविषयी.

तुमच्या कॅसेटमध्ये एक फार चांगली सोय होती. ती संपायची. खट्कन आवाज होऊन बटण वर यायचं, आणि उठून बाजू उलटायची की झोपायचं हे ठरवावं लागायचं. फोनला हा खटका नाही. अकरा गाणी झाली की तो न विचारता बारावं, तेरावं, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून विसावं लावतो, आणि एक वाजतो. तेव्हा खटका तुम्हालाच बसवावा लागेल. त्या अकरा गाण्यांची वेगळी यादी करा, आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंद करा, आणि झोपेचा टायमर लावा. बारावं गाणं हवं असेल तर जिथे फीत संपली होती तिथेच थांबवा. (माझ्याकडेही अशी एक कॅसेट होती. एका अंतऱ्यात फीत यंत्रात अडकून चुरगळली होती, पेन्सिल घालून गुंडाळली, तरी त्या जागी आवाज पाण्यात बुडल्यासारखा व्हायचा. आज तेच गाणं फोनवर स्वच्छ ऐकते, आणि दरवेळी त्या ओळीला बुडी मारायच्या तयारीने श्वास रोखून बसते.)

एकदाच ऐका. दुसऱ्यांदा लावायचा मोह होईल तेव्हा बघा, खरंच गाणं हवंय की दिवा मालवून अंधारात एकटं पडायची धास्ती आहे. दुसरं असेल, तर दिवा चालू ठेवून झोपा. त्यात कमीपणा नाही.

बातम्या दिवसातून एकदा, उजेडी, उभ्याने. बसून, आडवं होऊन नको. बातमीनंतर काहीतरी हातांचं काम ठेवा. आणि क्रम उलटू नका: निरोप, मग गाणी, मग झोप. गाण्यांनंतर 'एकदाच बघतो' म्हणून बातम्या उघडल्यात की केलेलं सगळं वाया. इयरफोनचा आवाजही जरा आवरा. ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ही मोठ्या माणसांसाठी सुरक्षित मर्यादा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यापुढे आवाज थोडा जरी वाढवला तरी तास झपाट्याने कमी होतात. तुम्ही त्या मर्यादेच्या आसपासही नसाल, पण काळजीत असलेला माणूस बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून आवाज चढवत नेतो, हे मी स्वतःवरून सांगते.

रडण्याची लाज कशाला? रडून झाल्यावर हलकं वाटून झोप लागत असेल तर ते रडणं कामाचंच आहे. मला काळजी वाटेल ती वेगळ्याच खुणांची. गाणं चालू आहे म्हणून भावाचा फोन घ्यावासा न वाटणं. रडून मोकळं होण्याऐवजी दिवसागणिक जास्त बधिर होत जाणं. दोन-तीन आठवडे धड झोप नाही, भूक नाही, कामात चित्त नाही. छातीतली धडधड बातम्या बंद असतानाही येऊ लागणं. यातलं काही असेल तर गाणी चूक की बरोबर हा मुद्दाच उरत नाही. तेव्हा डॉक्टरांना दाखवा, समुपदेशकांशी बोला. ज्याचा भाऊ बॉम्बहल्ल्याखाली आहे त्याने मदत मागितली, तर त्यात कोणी काही वावगं धरणार नाही.

गाणी नासतील या भीतीबद्दल मात्र तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. नासू शकतात. माझी आई एकोणीस दिवस दवाखान्यात होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी एकच गाणं ऐकत होते, शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या गाण्याने मला त्या बाकावर बसवून ठेवलं, नाहीतर मी उठून पळाले असते. आई गेली, आणि पुढची चार वर्षं त्या गाण्याचा पहिला सूर कानावर आला तरी मला जंतुनाशकाचा वास यायचा. मग एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या मुलाच्या फोनवर ते लागलं आणि मी शेवटपर्यंत ऐकलं. वास आला, पण त्याबरोबर आईचा झोपाळलेला आवाजही आला, 'अजून तेच लावलंयस का?' म्हणून. ते गाणं आता माझं पूर्वीचं गाणं नाही, पण टाकाऊही नाही. म्हणून तुम्हाला एक व्यवहारी सल्ला: अकरातली दोन गाणी, सगळ्यात लाडकी, बाजूला काढून ठेवा. या काळात ती ऐकायचीच नाहीत. भाऊ परत येईल तेव्हा लावायला. उरलेली नऊ खुशाल झिजवा. ती काळजीत वापरायलाच टेप केली होती.

आता तुमच्या पत्नी. त्यांना गाणी खटकतात असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, त्यांना इयरफोन खटकत असावेत. विचार करा: रात्र झाली आहे, त्याही घाबरलेल्या आहेत, त्यांचा तो दीर आहे, आणि निरोप आला की त्याच क्षणी तुम्ही कानात बोळे घालून निघून जाता. शेजारी बसलेले असता, पण पोचलेले असता दहावीच्या वर्गात, जिथे त्या नव्हत्याच. 'तिकडे बॉम्ब पडताहेत' हे त्या म्हणाल्या. त्याच्याखाली 'आणि मी इकडे एकटी बसलेय' असं एक वाक्य असेल. असेल म्हणते, मी त्यांना ओळखत नाही. विचारून बघा. आज रात्री इयरफोन ड्रॉवरमध्ये टाका आणि खोलीत हळू आवाजात लावा. त्यांना नकोच असेल तर त्यांच्या दहावीची गाणी विचारा. त्या म्हणतील, मला नाही असलं काही. तेही मान्य करा. सगळ्यांनाच जुनं गाणं लागू पडत नाही. कोणाचं लहानपण असं गेलेलं असतं की त्या वेळचं संगीत ऐकलं की दार बंद करून घ्यावंसं वाटतं. कोणाला शांतता लागते, कोणाला शब्द नसलेला वाद्याचा आवाज, कोणाला अनोळखी भाषेतलं गाणं, ज्याला कसलीच आठवण चिकटलेली नाही. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही सांगते, जुन्या गाण्यांनी तुम्हाला जास्तच त्रास होत असेल, तर 'सगळे म्हणतात बरं वाटतं' म्हणून ती लावत बसू नका.

एक मात्र नीट तपासा. 'तेव्हाचं सगळं चांगलं, आताचं सगळं नासलेलं' असा सूर गाण्यांबरोबर घरात येतोय का? आठवणीची ओढ आणि आजच्याबद्दलची अढी या दोन गोष्टी फार शेजारी राहतात. तुमची मुलगी सोळाची आहे. वर सांगितलेलं ते ठसठशीत आठवणींचं वय तिचं आत्ता चालू आहे. हे वर्ष, ही काकाची काळजी, आणि घरात जे वाजतं ते सगळं तिच्यात मुरतंय. ती सध्या काय ऐकते, विचारलंत का कधी? ती गाणी तुम्हाला गोंगाट वाटतील. पण तीही कदाचित भिंतीपलीकडची तुमची खालच्या आवाजातली बोलणी ऐकू येऊ नयेत म्हणूनच कानात काहीतरी लावून बसते. तिला ते विचारायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. तुम्ही ते स्वतः केलेलं आहे.

आणि भाऊ. तुमच्या अख्ख्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही: ही गाणी तुम्ही रोज ऐकता, हे त्याला सांगितलंत का? कॅसेट दोघांची होती. पांघरूणही दोघांचं होतं. त्याला गाण्यांची फाइल पाठवू नका एवढंच. तो जिथे आहे तिथे रात्री कान मोकळे असायला हवेत; भोंगा वाजला तर तो ऐकू आला पाहिजे, त्याने इयरफोन लावून झोपणं धोक्याचं. शिवाय त्याच्या मनात काय चाललंय, त्याला जुनं काही आठवायला हवंय की नकोय, हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही. गाणं न पाठवता फक्त एक ओळ लिहून पाठवा. पुढची ओळ त्याने लिहायची. लिहिली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही, विषय सोडून द्या. लिहिली, तर त्याच्या 'ठीक आहे' पेक्षा ती जास्त काही सांगेल. 'ठीक आहे' हे तो झोपेतही टाइप करत असेल. पुढची ओळ आठवायला मात्र दहा सेकंद तिथून निघून त्या पांघरुणात यावं लागतं.

सुरुवात कुठल्या ओळीने करायची, हेही तुमच्याच पत्रात आहे. सातव्या गाण्यात तो एक शब्द चुकीचा म्हणायचा, तुम्ही दरवेळी सुधारायचात आणि तो मुद्दाम आणखी जोरात चुकीचाच म्हणायचा, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याच्या आधीची ओळ पाठवा. उत्तर आलं आणि शब्द अजूनही चुकीचाच असला, तर या वेळी सुधारू नका. मला मात्र दोन ओळी टाकून जरूर कळवा.